दयाळ आणि वटवाघूळ: एका दिवसात दोघांना कसं पाहावं, तुलना कशी मांडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात किंवा तिकडे हल्याळ-जोयडाकडे राहणाऱ्या, आणि पक्षी-प्राणी पाहायला नव्यानं सुरुवात करणाऱ्या माणसांसाठी हे लिहितोय. चिमणी, कावळा, पोपट यापलीकडे नावं येत नसली तरी काही अडत नाही. एक गाणारा पक्षी घ्यायचा, एक वटवाघूळ घ्यायचं, एका दिवसात दोघांना नीट पाहायचं आणि काय दिसलं ते वहीत समोरासमोर लिहायचं, एवढंच काम आहे.

दोघंही उडतात, दोघंही आपल्याच आवारात राहतात. म्हणून लोक त्यांना सहज एका माळेत ओवतात. पण एक दिवस नीट पाहिलं की कळतं, या दोघांच्या आयुष्याची चालच वेगळी आहे. दयाळाचं घरटं मोडलं तर तो बहुतेकदा त्याच हंगामात दुसरं बांधतो. वटवाघळांचं झाड पडलं तर ती भर निघायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. मला या लेखात खरं सांगायचंय ते हेच, आणि ते वाचून पटण्यापेक्षा पाहून जास्त पटतं.

पहिली पायरी: जोडी ठरवा

'पक्षी आणि वटवाघूळ' अशी ढोबळ तुलना करायला जाऊ नका. जगात वटवाघळांच्या 1,400 पेक्षा जास्त जाती आहेत. काही किडे खातात, काही मासे पकडतात, काही फुलातला मध पितात. गाणाऱ्या पक्ष्यांच्या जाती तर पाच हजारांच्या आसपास जातात. एवढ्या गर्दीत 'पक्षी असं करतात, वटवाघळं तसं करतात' असं एकही वाक्य धड टिकत नाही. म्हणून एका जातीसमोर एकच जात ठेवा.

माझी शिफारस आहे दयाळ आणि मोठं फळवटवाघूळ. दयाळाचं शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस, वटवाघळाचं टेरोपस मेडियस. जुन्या पुस्तकांत याच वटवाघळाचं नाव टेरोपस जायगँटियस असं दिसेल, गोंधळू नका. ही जोडी निवडायचं कारण साधं आहे. दोघंही गावात आणि शहरात राहतात, दोघांनाही साध्या डोळ्यांनी ओळखता येतं, आणि दोघांसाठी जंगलात जायची गरज नाही. आपल्याकडे चौकशी करताना कानडीही लागते. दयाळाला 'मडिवाळ हक्की' आणि वटवाघळाला 'बावली' म्हणालात तर समोरचा लगेच बोट दाखवतो.

इथं एक मोह आवरायला सांगतो. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, त्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिथं राहणारं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगभरातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. 1913 मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी दशकं ते साऱ्या जगात फक्त या एका गुहेत सापडतं असंच मानलं जात होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळलं. आपल्या तालुक्यात असं काही आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण नवख्या माणसानं तिथं जाऊ नये. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही हे एक. आणि गुहेत उजेड आणि माणसांचा आवाज शिरला की तिथली वटवाघळं बिथरतात, पुन्हा पुन्हा त्रास झाला तर जागाच सोडतात. त्यांची काळजी असेल तर लांब राहा.

दुसरी पायरी: हंगाम आणि जागा

होळीपासून वळवाचा पाऊस पडेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. या दिवसांत दयाळाचा विणीचा हंगाम असतो आणि नर पहाटे-संध्याकाळी भरभरून गातो. थंडीत तोच पक्षी इतका गप्प असतो की आवारात आहे हेही कळत नाही. वटवाघळांची पिल्लंही साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात, त्यामुळे आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू दिसायची शक्यता याच दिवसांत जास्त.

दयाळ शोधायला लांब जायला नको. जुनी झाडं, थोडी मोकळी जमीन, पडका पालापाचोळा आणि एखादी भोकं पडलेली जुनी भिंत असली की तो असतो. टिळकवाडीचा वॅक्सिन डेपो, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची आवारं, खेड्यातलं परसू, शाळेचं मैदान, कुठंही पाहा. आकारानं बुलबुलाएवढा, शेपूट धरून साधारण 20 सेंटिमीटर. नर वरून तुकतुकीत काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. मादीत जिथं नर काळा असतो तिथं राखाडी रंग असतो. शेपूट बहुतेकदा वर उचललेली. ही शेपटीची सवय लक्षात ठेवली तर ओळख सहसा चुकत नाही.

वटवाघळांचं झाड शोधायचं तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. "आजोबा, इथं जवळ वाघळांचं झाड आहे काय हो?" एवढं पुरतं. "आहे की! आमच्या आज्याच्या वेळेपासनं हाय ते," असं उत्तर बऱ्याच गावांत मिळेल, कारण ही वटवाघळं एकदा झाड धरलं की वर्षानुवर्षं सोडत नाहीत. वड, पिंपळ, चिंच, आंबा, निलगिरी अशा उंच, ऐसपैस झाडांवर ती बसतात. देवळाच्या आवारातली, तळ्याकाठची, देवराईतली झाडं आधी पाहा, कारण तिथं कुऱ्हाड कमी चालते. झाडाच्या शेंड्याकडची पानं झडलेली दिसतात, खाली उग्र वास येतो आणि दुपारी लांबूनही कलकलाट ऐकू येतो.

जागा मिळाली की मालकाला किंवा देवळाच्या पुजाऱ्यांना सांगूनच उभे राहा. सीमाभागातल्या खेड्यात अनोळखी माणूस दुर्बीण लावून उभा राहिला तर "काय बघायलाय?" असं कुणीतरी विचारणारच. विचारणाऱ्याच्या हातात दुर्बीण द्या. पुढच्या वेळी तोच तुम्हाला बोलवून दाखवेल.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. अशा मोठ्या झाडांवर आग्या मोहोळही असतं. झाडाजवळ जाण्याआधी लांबून सगळ्या मोठ्या फांद्यांच्या खालच्या बाजू पाहून घ्या. मोहोळ दिसलं तर ते झाड सोडून द्या.

तिसरी पायरी: सामान

वही, पेन्सिल, टोपी, पाणी. दुर्बीण असेल तर 8×40 ची पुरेशी, नसेल तर दयाळ तिच्याशिवायही छान दिसतो. आवाज टिपायला मोबाइल चालतो. संध्याकाळसाठी टॉर्च घ्या आणि तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. टॉर्च आपल्या पायाखाली आणि वहीवर पाडायची, झाडावर कधीच नाही. वटवाघळांच्या झाडाजवळ जाताना नाकातोंडावर मास्क लावा.

चौथी पायरी: पहाट दयाळाची

बेळगावात मार्चमध्ये सूर्य साधारण पावणेसातच्या आसपास उगवतो. तुम्ही पावणेसहाला जागेवर हवं, कारण दयाळ उजाडायच्या आधीच सुरुवात करतो. आधी तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. जिथून आवाज येतो तिथली सगळ्यात उंच उघडी जागा पाहा: झाडाचा वाळका शेंडा, विजेचा खांब, पाण्याच्या टाकीचा कठडा, जुन्या कौलारू घराचा आढा.

आता दहा मिनिटं फक्त ऐका. त्याचं गाणं तुकड्या-तुकड्यांत येतं. एक तान, मग थोडी शांतता, मग दुसरी तान. दोन ताना जशाच्या तशा क्वचितच येतात. मधेच दुसऱ्या पक्ष्याच्या आवाजाची नक्कलही करतो. वहीत प्रत्येक तानेला एक रेघ मारा आणि एका मिनिटात किती ताना झाल्या ते लिहा. त्यानंतर शांततेकडे लक्ष द्या. त्या शांततेत लांबून दुसरा दयाळ उत्तर देतोय का? देत असेल तर तुम्ही दोन नरांच्या हद्दीवर उभे आहात. गाणं आपल्याला गोड लागतं, पण पक्ष्यांत त्याचा अर्थ 'ही जागा माझी आहे' आणि 'मी इथं आहे, ये' असा दुहेरी असतो.

उजाडल्यावर तो खाली उतरतो. इथं खरं पाहण्यासारखं आहे. जमिनीवर दोन-तीन उड्या मारतो, थांबतो, मान तिरकी करतो, शेपूट वर झटकतो, आणि पालापाचोळ्यात चोच घालून एखादा नाकतोडा किंवा अळी उचलतो. किडा मोठा असेल तर दगडावर आपटून मऊ करतो. मांजर आली की त्याचा आवाज एकदम बदलतो, खरखरीत 'चर्र चर्र' असा येतो. गाणं आणि हा इशारा वहीत वेगवेगळा लिहा.

मोबाइलवर मर्लिन हे अ‍ॅप घेतलंत तर ते आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं, नवख्याला त्याचा उपयोग होतो. पण त्यातलं दयाळाचं गाणं बाहेर मोठ्यानं वाजवू नका. नराला वाटतं कुणी दुसरा नर हद्दीत घुसलाय. पिल्लांना भरवायचं सोडून तो तासभर त्या न दिसणाऱ्या शत्रूच्या मागं फिरत राहतो.

घरटं सापडलं तर लांबूनच पाहा. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, मोडका पाइप, काहीही चालतं त्याला. मादी साधारण तीन ते पाच अंडी घालते, एकटीच उबवते, आणि दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. पुढच्या आणखी दोनेक आठवड्यांत ती घरट्याबाहेर पडतात. महिनाभरात सगळं आटोपतं. हा महिना वहीत ठळक लिहा, पुढे लागणार आहे.

पाचवी पायरी: दुपार वटवाघळांची

दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला झाडापासून निदान तीस-चाळीस पावलं लांब, सावलीत बसा. बुंध्याखाली उभं राहायचं नाही. अंगावर विष्ठा-मूत्र पडतं, आणि आपण खाली आलो की ती सगळी दचकून उडतात. भर उन्हात उठवलेल्या आईच्या पोटाला पिल्लू असेल तर ते खाली पडू शकतं.

सगळ्यांना वाटतं ते पहिलं आश्चर्य म्हणजे ही वटवाघळं दुपारी झोपलेली नसतात. निदान सगळी नसतात. कुणी भांडत असतं, कुणी फांदीवरून नखांनी सरकत जागा बदलत असतं, कुणी अंग चाटत असतं. उन्हाळ्यात कितीतरी जणी एक पंख अर्धवट उघडून सावकाश हलवत असतात. तो पंखा आहे, अंग थंड ठेवण्यासाठी.

अशा वेळी ऊन मागून येत असेल तर दुर्बीण त्या एका पंखावर स्थिर करा. पंखाच्या पातळ कातड्यातून आरपार उजेड येतो आणि आतली हाडं स्पष्ट दिसतात. छत्रीच्या काड्या कापडाला ताणून धरतात, तशी चार लांबलचक बोटं त्या कातड्याला ताणून धरतात. पाचवा अंगठा वर मोकळा असतो, त्याला वाकडं नख. आपल्याच हाताच्या बोटांशी ताडून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, सगळी जागच्या जागी आहेत. मी नवख्यांना घेऊन जातो तेव्हा या एका क्षणासाठी नेतो. त्यानंतर कुणीही वटवाघळाला पक्षी म्हणत नाही.

तोंडाकडेही पाहा. लांबट नाक, मोठे तपकिरी डोळे, उभे कान, मानेभोवती तांबूस-पिवळसर केस, बाकी पंख काळे. शेपूट नाही. थोडा धीर धरलात तर एखादं शरीर उलट करताना दिसेल: अंगठ्यांच्या नखांनी फांदी धरून डोकं वर, पाय खाली. लघवी-विष्ठा करताना ती असं करतात, म्हणजे अंगावर पडत नाही. 'वटवाघूळ तोंडानंच हगतं' असं आपल्याकडे म्हणतात, ते खोटं आहे हे इथंच दिसतं.

पिल्लू दिसलं तर किती दिसली हेही लिहा. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. गर्भ साधारण पाच महिने पोटात असतो, पुढे पिल्लू काही महिने दुधावर असतं. पहिले काही आठवडे आई त्याला पोटाला घेऊन उडते. नंतर ते जड झालं की रात्री झाडावरच ठेवून जाते. बापाचा त्यात काही हातभार नसतो.

सहावी पायरी: दिवेलागण

हाच तो वेळ, जेव्हा दोघं एकत्र मिळतात. मार्चमध्ये सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमाराला मावळतो. दयाळ मावळतीला पुन्हा गायला लागतो आणि अंधार पडेपर्यंत गातो. साधारण त्याच वेळी, सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी, वटवाघळं झाड सोडतात. एका कानात शेवटचं गाणं आणि डोक्यावर ते भलेमोठे पंख, असं काही मिनिटं चालतं. हे पाहायला तुमच्याबरोबर घरातल्या मुलांना न्याच.

मोजणी अशी करा. झाडापासून लांब, पश्चिमेचं आकाश उघडं दिसेल अशा जागी उभे राहा. दोन खुणा निवडा, समजा एक माड आणि एक टॉवर. त्या दोहोंमधून जाणारी वटवाघळं मोजायची. सुरुवातीला एकेक जातात, मग झुंड सुटते. तेव्हा दहा-दहाचे गठ्ठे धरून रेघा मारा. दोघं-तिघं असाल तर दिशा वाटून घ्या. पहिलं कधी निघालं, कोणत्या दिशेला गेलं, तेही लिहा.

याच वेळी दिव्यांच्या खांबाभोवती छोटी, भिरभिरणारी वटवाघळं दिसतील, खेड्यात त्यांना पाकोळ्या म्हणतात. 'ही मोठ्या वटवाघळांची पिल्लं' असं पुष्कळ लोक समजतात. ती पिल्लं नव्हेत, वेगळ्याच जाती आहेत. ती किडे खातात आणि तोंडातून आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून किड्याचा ठाव घेतात. तो आवाज आपल्या कानाच्या 20 किलोहर्ट्झच्या मर्यादेच्या वर असतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. मोठं फळवटवाघूळ असं काही करत नाही. ते डोळ्यांनी पाहतं आणि नाकानं वास घेतं. म्हणूनच त्याचे डोळे एवढे मोठे. 'वटवाघूळ आंधळं असतं' ही समजूत तर सगळ्याच जातींच्या बाबतीत चुकीची आहे.

जवळ तळं किंवा नदीचा डोह असेल तर उन्हाळ्यात पाण्यावर नजर ठेवा. मोठं वटवाघूळ पाण्याला पोट टेकवत झेपावतं आणि पुढे झाडावर बसून पोटावरचे ओले केस चाटतं. पाणी प्यायची त्याची ही पद्धत आहे.

सातवी पायरी: वहीत तुलना

घरी येऊन, जेवण्याआधी, आठवण ताजी असतानाच लिहा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे दयाळ, उजवीकडे वटवाघूळ. पाच-सहा प्रश्न पुरेत. मी कोणते घेतो आणि त्यांत काय सापडतं ते सांगतो.

पंख कशाचा? दयाळाच्या पंखाचा पसारा पिसांचा आहे. हाताची बोटं आत आखडून, एकमेकांत मिसळून लहान झालीत आणि पिसं त्या आखूड हातावर बसलीत. वटवाघळात उलट झालंय, बोटंच वाढत गेलीत. दोघांचा एकच पूर्वज तीस कोटी वर्षांहूनही मागं जातो, आणि त्याला उडता येत नव्हतं. पक्ष्यांच्या बाजूला आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचे जीवाश्म सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. वटवाघळांचे जुन्यातले जुने पूर्ण जीवाश्म सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वीचे. उडणं या दोन्ही घराण्यांनी आपापलं, स्वतंत्रपणे मिळवलेलं आहे.

उडायला सुरुवात कशी होते? दयाळ पायांनी उसळी मारतो. वटवाघळाचे पाय त्या कामाचे नाहीत. ते फांदी सोडून देतं, खाली पडता पडता पंख पसरतं. लटकण्यात त्याला कष्ट पडत नाहीत, कारण अंगाच्या वजनानंच पायातली शीर ताणली जाऊन नखं मिटलेली राहतात. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ म्हणूनच खुरडत झाडाकडे जाताना दिसतं. ते हल्ला करत नसतं, चढायला उंची शोधत असतं.

वजन? दयाळ साधारण 30 ते 40 ग्रॅम. हे वटवाघूळ पाऊण किलोपासून दीड किलोपर्यंत, पंखांचा पसारा चार ते पाच फूट.

आवाज कुठून? पक्ष्याचं आवाजाचं यंत्र गळ्यात वर नसतं. ते खाली छातीत, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथं असतं. दोन्ही फाट्यांतून वेगवेगळे सूर काढता येतात, म्हणून दयाळाच्या तानेत एवढी वळणं. वटवाघूळ आपल्यासारखंच गळ्यातल्या स्वरयंत्रातून ओरडतं. गाण्याच्या बाबतीत दयाळ पुढे आहे, यात वाद नाही. पण दुपारच्या त्या कलकलाटालाही नुसता गोंगाट समजू नका. जागेवरून भांडण, पिल्लाची हाक, आईचं उत्तर, असं त्यात पुष्कळ काही चाललेलं असतं.

काय खातं, आणि मागं काय ठेवतं? दयाळ बहुतेक किडे खातो. परसातल्या भाजीला त्याचा फायदा होतो. वटवाघूळ वड, उंबर, पिंपळ, जांभूळ, पेरू, चिकू खातं आणि सावरी-निलगिरीच्या फुलांतला मध चाटतं. फळ चावून रस गिळतं, चोथा थुंकतं; झाडाखाली सापडणाऱ्या त्या चावलेल्या गोळ्या हाताला न लावता काडीनं उलटून पाहा. उंबर-वडाचं बारीक बी मात्र पोटात जातं आणि थोड्याच वेळात, उडता उडता, दुसरीकडे पडतं. भिंतीच्या फटीत, माळावरच्या एकाट झाडाच्या बेचक्यात उगवलेला वड कुणी लावला, याचं उत्तर बऱ्याचदा इथं आहे.

पिल्लं किती? हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. सकाळी ठळक लिहिलेला तो महिना आता समोर घ्या. दयाळाची जोडी महिनाभरात तीन-चार पिल्लं वाढवू शकते. वटवाघळाची मादी वर्षभरात एक. ते एकही जगलं तर. ती जगते मात्र भरपूर, पिंजऱ्यात सांभाळलेली या जातीची वटवाघळं तीस वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. सावकाश वाढायचं, पुष्कळ जगायचं आणि थोडी पिल्लं द्यायची, अशी ही चाल आहे. शंभर माद्यांच्या झाडाखाली कुणी फटाके लावले आणि त्या वर्षीची पिल्लं पडून मेली, तर तो आकडा एका हंगामात भरून येत नाही. रस्तारुंदीकरणात तो वड गेला तर तेवढं उंच झाड पुन्हा व्हायला किती वर्षं लागतील, ते तुम्हीच मोजा. दयाळासाठी आपण भिंतीतलं एक भोक न बुजवता ठेवलं, आवारात थोडा पालापाचोळा राहू दिला, तरी तो टिकतो. वटवाघळासाठी झाड राखावं लागतं, आणि झाडावरची शांतताही.

आठवी पायरी: सावधगिरी

फळवटवाघळांत निपाह विषाणू सापडतो, 2018 मध्ये केरळात त्याची साथ आली होती. म्हणून घाबरून झाडं तोडायची नाहीत. हाकलल्यामुळे ती विखुरतात आणि उलट माणसांच्या जास्त जवळ येतात. नियम मोजकेच आहेत. पाखरांनी-वाघळांनी कुरतडलेलं फळ खायचं नाही, मुलांनाही खाऊ द्यायचं नाही. झाडाखालची फळं, चोथा, विष्ठा हाताळायची नाही. परत आल्यावर साबणानं हात धुवायचे. जिवंत किंवा मेलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. पडलेलं पिल्लू सापडलं तर वन खात्याला कळवा, तोवर कुत्री-मांजरं लांब ठेवा.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण गावात कुणीतरी 'ही उपद्रवी आहेत, मारली तरी चालतात' म्हणणारा भेटतोच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये फळवटवाघळं एकेकाळी उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होती. 2022 च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच गेलं, आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. वटवाघळाची चरबी सांधेदुखीवर लावतात म्हणून शिकार करणारे आजही आहेत. त्या चरबीनं सांधेदुखी बरी होते याला आधार नाही. हे त्यांना शांतपणे सांगा.

नववी पायरी: नोंद कुठं ठेवायची

दयाळाची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा, वटवाघळाची आय-नॅचरलिस्ट या सगळ्या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसह. दोन्ही फुकट आहेत. गाव, तारीख, वेळ, संख्या आणि हवामान एवढं पुरतं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजा, आणि मोजणीची जागा व त्या दोन खुणा बदलू नका, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. घाटाजवळ, कणकुंबी-जांबोटीकडे राहत असाल तर दयाळाच्या जागी शीळ घालणारा कस्तुर घेऊन पावसाळ्यात हाच अभ्यास करून पाहा. तो ओढ्याकाठी पहाटे माणसासारखी शीळ घालतो. आय-नॅचरलिस्टवर वटवाघळांच्या झाडाची नोंद टाकताना मात्र ठिकाणाचा पर्याय 'अस्पष्ट' असा निवडा, म्हणजे नेमकं झाड कुठलं ते शिकाऱ्यांना कळणार नाही.